अहस्तांतरणीय

"मी माझ्या सासऱ्यांना जिन्यावरून ढकललं म्हणतात," सून म्हणाली. "उद्या मला न्यायला येणार आहेत."

"कोण म्हणतं?" घारूताईंनी विचारलं.

"कॉम्प्युटर."

मास्तर चहा पिता पिता थांबले. चित्रकला शिकवण्यातून निवृत्त झाल्यापासून ते घारूताईंच्या तपासकामात मदत करत, म्हणजे बहुतेक वेळा छत्री धरत. कॉम्प्युटरची साक्ष मात्र त्यांनी आजवर ऐकली नव्हती.

सुनेने सांगितलं ते असं. खाली कृत्रिम हातपायांचा कारखाना, वर घर, मधे आतला जिना. सोमवारी सकाळी कारखान्याचे मालक, म्हणजे काका, जिन्याच्या तळाशी मेलेले सापडले. रात्री गेले की सकाळी, हे डॉक्टरांना छातीठोक सांगता येईना. पण पाय आखायचं सॉफ्टवेअर त्या सकाळी उघडलेलं होतं आणि काकांच्या अंगठ्याशिवाय ते उघडतच नाही. म्हणजे काका तेव्हा जिवंत होते. त्यानंतर इमारतीत सून एकटीच, नवरा जहाजावर.

"त्यात त्यांच्या उजव्या हाताला पट्टी. म्हणे झटापट! अहो, रविवारी दुपारी डबा उघडताना पत्रा लागला, मीच बांधली. संध्याकाळी मैत्रिणीकडे गेले. आले तेव्हा त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. झोपले असतील म्हणून हाक मारली नाही." ती थांबली. "तेवढी हाक मारायला हवी होती."

कारखान्यात भिंतभर पाय टांगलेले होते. इतके पाय आणि एकाचीही चाहूल नाही, हे मास्तरांना बरं वाटेना. दारापाशी बिनकाचेच्या कपाटात सिलिकॉनचा एक उजवा हात उभा होता. शिरा, सुरकुत्या, नखं, सगळं जागच्या जागी. भीती घालवायला मास्तरांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. पंजा धुळीने राखाडी झाला.

"शी! अंगठा तेवढा गुळगुळीत आहे. बाकी हात बघा काय झालाय माझा."

"तो काकांचा हात," मागून आवाज आला. "साचा त्यांच्याच हाताचा. गिऱ्हाइकांना नमुना म्हणून."

हे भागीदार. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं दुःख.

"सॉफ्टवेअरचा परवाना कुणाच्या नावावर?" घारूताईंनी विचारलं.

"काकांच्या. एक माणूस, एक यंत्र, एक अंगठा. विकायचा नाही, द्यायचा नाही, वारशाने सोडायचा नाही. दुसरं बोटसुद्धा चालत नाही."

"लग्नातही इतक्या अटी नसतात," मास्तर म्हणाले.

"काका निवृत्त होऊन तो कंपनीला परत करणार होते. मी म्हटलं, काका, रोज नुसता अंगठा टेकवायला या. म्हणाले, ती लबाडी झाली. आता सांगा, त्यांच्या जाण्याने सगळ्यात जास्त बुडालं कोण? मीच ना? परवाना त्यांच्याबरोबरच गेला."

"सोमवारी सकाळी?"

"मी आलो तेव्हा बसतच होते. माझ्या डोळ्यांदेखत अंगठा टेकवला, एका झटक्यात उघडलं. मी मापं घेऊन इस्पितळात गेलो. पुढचं ती सून जाणे."

प्रेत पाहिलं होतं बोटंवालीने. सिलिकॉनचे हात करणारी ही कारागीर. नमुन्याचा हातही तिचाच.

"पालथे पडले होते. उजवा हात अंगाखाली. उलटं केलं तेव्हा पट्टी दिसली. तशी मी आदल्या संध्याकाळीही बघितली होती, रंग दाखवायला वर गेले तेव्हा. अंगठ्याचं एवढं गाठोडं! म्हटलं, काका, नवा करून देऊ का? हसले. म्हणाले, तू केलेला खाली कपाटात आहेच की." तिने डोळे पुसले.

घारूताईंनी फौजदारांना बोलावून घेतलं.

"रविवारी संध्याकाळी सॉफ्टवेअर उघडलं होतं?"

"हो. म्हातारा कामसू होता."

"मास्तर, परत हात मिळवा."

"नको हो, धूळ..."

"कुठे नाही लागत?"

मास्तरांनी वाकून पाहिलं. बोटांवर धुळीची साय होती. अंगठा लख्ख.

भिंतीवरचे पाय ऐकत असावेत असे स्तब्ध होते.

"पत्र्याने कापलेला, पट्टीत गुंडाळलेला अंगठा यंत्र ओळखेल का?" घारूताई म्हणाल्या. "नाही. तरी ते रविवारी संध्याकाळी उघडलं आणि सोमवारी सकाळीही. तेव्हा ते काकांनी उघडलं नाही, या हाताने उघडलं. अंगठा कापलेला होता, हे कुणाकुणाला ठाऊक होतं? सुनेला होतं, बोटंवालीला होतं. त्या दोघींनी ही युक्ती केलीच नसती, पट्टी बघताच खोटं उघडं पडलं असतं. ठाऊक नव्हतं ते एकालाच. त्याने अंधाऱ्या जिन्यावर मागून खेचलं, ते गडगडत पालथे पडले आणि हात अंगाखाली गेला. आणि पट्टी बांधलेला अंगठा 'डोळ्यांदेखत' टेकवलेलाही त्यालाच दिसला."

भागीदारांच्या शर्टाची इस्त्री मोडली नाही. आतला माणूस तेवढा चुरगळला.

"त्यांनी जिन्याच्या अंधारातूनच मला या हातासकट पकडलं," ते हळूच म्हणाले. "कंपनीला कळवतो म्हणून वर निघाले. पंधरा वर्षं मी इथे पाय विकले, ताई. एका अंगठ्यापायी मी कुठे उभा राहणार होतो?"

"म्हणून सकाळपर्यंत त्यांना जिवंत ठेवलंत, दुसऱ्याच्या गळ्यात घालायला."

फौजदार त्यांना घेऊन गेले. सून खुर्चीत बसली. कितीतरी वेळ तिला रडता येईना, मग आलं.

"हे एकदा बंद करा हो," ती म्हणाली.

मास्तरांनी कॉम्प्युटर लावला. कंपनीच्या पानावर 'परवानाधारक मृत' असा पर्याय सापडला. त्यांनी तो दाबला. पडद्यावर अदबीने अक्षरं उमटली:

'आपल्या निधनाबद्दल दिलगीर आहोत. खात्रीसाठी कृपया आपला उजवा अंगठा टेकवा.'