सरकलेली शीव

चहा घ्या, गार होतोय. हे सांगताना मी मध्ये थांबत नाही. थांबले की पुढचं सांगवत नाही.

बँकेने जयपूरला बदली केली आणि आम्हाला झालानाच्या डोंगराखाली, रांगेतलं शेवटचं घर मिळालं. मागचं फाटक उघडलं की विलायती बाभळीचं रान आणि त्यात बिबटे. अमेय, माझा नवरा, पुण्याचा; त्याची बोबडीच वळली. मी अकोले तालुक्यातली. आमच्याकडे बिबट्याला शेजारी मानूनच राहतात. माझे वडील दिवाळीला आले, तेव्हा वाघबारशीला त्यांनी फाटकाबाहेर एक धोंडा मांडला, शेंदूर फासला, खीर ठेवली. हा आमचा वाघोबा. वर्षभर बिबट्या त्या धोंड्यापर्यंत यायचा आणि वळून जायचा. आम्हीही कधी पलीकडे पाऊल टाकलं नाही.

शेजारचे खंडेलवालजी फार भाविक. "भगवान को धूल में कौन रखता है, प्रणिताजी?" असं मला म्हणायचे. एक दिवस आम्ही ऑफिसात असताना त्यांनी धोंडा उचलला आणि कॉलनीच्या मंदिरात नेऊन बसवला. वर चांदीचा मुकुट. वाघोबाला मुकुट पाहून मला हसूच आलं.

दुसऱ्या सकाळी ठसे अंगणात होते. मग ओट्यावर. मग पाच वर्षांच्या मयूरीच्या खिडकीखाली. घरात जनावराच्या केसांचा उग्र वास भरून राहिला, फिनेलनेही जाईना. कॉलनीवाले वनखात्याकडे पिंजरा मागू लागले. अमेय म्हणाला, घर बदलू. माझं ठरलं होतं, पिंजरा लावू द्यायचा नाही आणि पोरीला घेऊन पळायचंही नाही.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं.

"पोरी, तो नुसता देव नाय... ती शीव हाये. धोंडा सरकला म्हंजी शीव सरकली. तुमचं घर आता त्याच्या रानात हाये."

"मग काय करू?"

"तूच उचलून जागच्या जागी ठेव. अनवाणी जा, घरातून जा... अन् मागून कुनीबी हाक मारली तरी वळू नको."

त्याच संध्याकाळी मंदिरात गेले. मुकुट काढून खंडेलवालजींच्या हातात दिला. ते काहीतरी समजावत होते, मी थांबले नाही. धोंडा पोटाशी धरून घरात शिरले. पुढच्या खोलीत अमेय मयूरीला मांडीवर घेऊन बसला होता. मधल्या खोलीतून, मयूरीच्या पलंगाजवळून, ओट्यावरून मी मागच्या फाटकाबाहेर पडले.

मोर ओरडायचे थांबले. पाचोळा माझ्या पायाखाली वाजत होता, आणि माझ्या मागेही... जरा हलका.

"आई... रुक ना. मी पण येते."

मयूरीचाच आवाज.  आईला अशा वेळी वळू नको म्हणणं सोपं असतं हो. मी दात आवळले आणि चालत राहिले. जुन्या खळग्यात धोंडा बसवला, हाताने माती दाबली.

"ही बाजू तुझी," मी म्हणाले. "ती आमची. आणि पोर माझी आहे."

पोटरीला राठ केस घासून गेले. झुडपं हलली, मग सगळं शांत झालं.

घरी आले तर मयूरी अमेयच्या मांडीवर गाढ झोपलेली.

"हललीसुद्धा नाही," तो कुजबुजला. वासही गेला होता.

सकाळी पाहिलं. धुळीत माझी पावलं होती आणि त्यांच्यावरच पडलेले बिबट्याचे ठसे. ते धोंडा ओलांडून रानात गेले होते. कुठून आले ते बघायला मी ठशांच्या मागाने उलट घराकडे चालत आले. फाटक, अंगण, ओटा, मग मधल्या खोलीची फरशी. पहिला ठसा मयूरीच्या पलंगाला लागून होता, तोंड दाराकडे.

पलंगाकडे येणारा एकही नव्हता.