कड्याखालचं ताट

“बैलानं जन्मभर पोसलं आपल्याले. मेला तर त्याले इकू नका, पुरू नका. कड्याखाली ठेवून या. पाखरायच्या मुखी लागू द्या.”

सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं लोटली, पण विमलबाईंनी त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. म्हातारा हिऱ्या बैल गेला, तेव्हा त्यांचा लेक गोकुळ त्याला गाडीत घालून ज्ञानगंगेच्या जंगलात, गिधाडांच्या कड्याखाली ठेवून आला. तिथं त्याला पोहोचेस्तोवर सांज झाली होती, पाखरं निजली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संघपाल भेटायला आला. चिखलीच्या कॉलेजात शिकवणारा हा पोरगा सुटीभर त्या गिधाडांवर लक्ष ठेवून असे. बोलता बोलता गोकुळनं सांगितलं, की हिऱ्याचा पाय सुजला होता, म्हणून शेवटपर्यंत दुखणं थांबवायची सुई टोचत होतो. संघपालनं चहाची बशी खाली ठेवली. कोणती सुई? डायक्लोफेनॅक. जनावरांसाठी त्यावर बंदी, पण माणसांची बाटली दुकानात सहज मिळाली होती.

“मावशी, ते औषध मांसात राह्यते,” संघपाल हळूच म्हणाला. “गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी बंद पडते. ऊन तापलं की सारा थवा उतरन.”

पुण्य म्हणून वाढलेल्या ताटात आपल्याच हातानं विष कालवलं गेलं! विमलबाई तुळशीपुढून उठल्या. थवा उतरायच्या आत तिथं पोहोचायचंच.

“माय, तू थांब घरी. उपास हाये तुहा,” गोकुळ म्हणाला.

“उपास पोटाले हाये, पायाले नाही.”

गाडीवाट डोंगराला मोठा वळसा घालून जाते. तेवढी सवड नव्हती. तिघं कुऱ्हाड आणि गाडीचा दोर घेऊन थेट कड्याच्या माथ्यावर चढले. खाली पळस पेटल्यासारखे फुलले होते, आणि कपारीकपारीतून गिधाडं पंख पसरून ऊन खात बसली होती. दोर अंजनाच्या बुंध्याला बांधला. आधी संघपाल उतरला. मग विमलबाई, मागोमाग गोकुळ! पायाखालचा दगड सुटला. दोर गरकन फिरला. हात सोलून निघाले. बाजूच्या कपारीत गिधाडाचं एक पांढरं, मऊ लवेचं पिल्लू चोच वासून त्यांच्याकडे बघत होतं. त्याची आई आज चारा आणायला कुठं उतरणार, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी मूठ आवळली आणि खाली सरकू लागल्या.

खाली मोहाची फुलं वेचत अस्वल उभं! मागच्या दोन पायांवर उठलं. हुंगलं. फुरफुरलं.

“पळायचं नाही,” संघपाल पुटपुटला.

विमलबाईंनी डोळे मिटले नाहीत. ओठांत नामस्मरण तेवढं चालू होतं. अस्वलानं मान झटकली आणि ते झुडपात शिरलं.

तोवर आभाळात घिरट्या सुरू झाल्या होत्या. एक गिधाड उतरलं. दुसरं उतरलं. पहिल्यानं हिऱ्याच्या डोळ्याकडे मान लांबवली. विमलबाई धावल्या! पदर सोडून हवेत फिरवला, हिऱ्यापुढं आडव्या उभ्या राहिल्या. गिधाडं फडफडत मागं सरली. गोकुळनं सपासप बोराटीची काटेरी झुडपं तोडली. तिघांनी काट्यांवर काट्या, त्यांवर दगड रचले. हिऱ्या झाकला गेला. एकाही चोचीला घास लागला नाही!

भुकेला थवा मात्र समोरच्या दगडांवर तसाच बसून राहिला. विमलबाईंनी सोललेले हात जोडले.

“तुमच्या तोंडचा घास काढला, बाप्पा. चांगला घास आणून देईन. माहा शब्द हाये.”

“त्यायले मराठी समजते काय माय?” गोकुळ हसला.

“मले तं समजते.”

गावातून माणसं आणून त्यांनी हिऱ्याला खोल पुरलं. सासऱ्यांचा शब्द मोडला, पण विमलबाईंच्या मनाला टोचणी लागली नाही. संघपाल पुढं कितीतरी दिवस कड्यावर नजर लावून होता. सगळी गिधाडं धडधाकट होती, आणि ते पिल्लू कपारीच्या काठाशी येऊन पंख झाडत होतं.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या उकंडरावांची गाय नाल्यात घसरून मेली. विमलबाईंनी आधी उकंडरावांना विचारलं, मग त्यांच्या घरच्या वच्छलाबाईंना वेगळं गाठून विचारलं. एवढ्यात सुई दिली होती? गोळी? कसलंच औषध नाही? तरी त्यांनी संघपालला बोलावून खात्री करून घेतली. मग गाय गाडीत चढवली, उकंडरावांच्या बैलांचा कासरा हाती घेतला, आणि त्या कड्याच्या वाटेला लागल्या.