प्रणाली चौदाला कुणी हाकलले?

घरात माणसे चार आणि संगणकाच्या यादीत खाती आठ! कृत्तिकाने पुन्हा मोजले. आई, बाबा, आजोबा आणि ती स्वतः. मग उरलेली ही चार कोण? प्रणाली_११, प्रणाली_१४, प्रणाली_२२ आणि सहायक_२. ओळख ना पाळख.

जालन्याजवळच्या त्यांच्या शेतावर २०५२ सालीही रेशमाच्या अळ्या जुन्याच शिस्तीने वाढत. शेडच्या दारात चुना पसरलेला असे. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत पाऊल नाही, आणि उगाच डोकावणाऱ्या परक्याला तर बाहेरूनच नमस्कार. कारण बाहेरून आलेला रोग चार दिवसांत सगळी बॅच गिळतो. बारा वर्षांच्या कृत्तिकाच्या अंगात ही शिस्त पुरती भिनली होती. परका दिसला की बाहेर! तिने संगणकालाही तोच नियम लावला आणि फारसा विचार न करता प्रणाली_१४ पुसून टाकले.

दहा मिनिटांनी तुतोबा धडधडत आला. तुतोबा म्हणजे तुतीचा पाला कापून अळ्यांना घालणारा त्यांचा यंत्रमानव.

"ताई, फॉगर बंद पडलाय. शेडमध्ये एकोणतीस अंश झालेत. अळ्या पाला खाईनात."

फॉगर म्हणजे धुक्यासारखे बारीक पाणी उडवून हवा गार ठेवणारे यंत्र. घरचा संगणकच ते चालवी. बाहेर एप्रिलचे ऊन मी म्हणत होते. दोन दिवसांत अळ्या कोष विणायला बसणार होत्या, आणि उकाड्याने त्या मेल्या असत्या तर महिन्याची मेहनत मातीत गेली असती. आई-बाबा आजोबांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी शहरात घेऊन गेलेले. पण रडत बसेल तर ती कृत्तिका कसली!

तिने आधी त्याच नावाचे नवे खाते उघडून पाहिले. फॉगर ढिम्म. मग तिने आणि तुतोबाने गोणपाटे भिजवून शेडच्या खिडक्यांना टांगली, आणि तिने आजोबांना फोन लावला.

आजोबा जुने संगणकशास्त्रज्ञ. आज मात्र त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती.

"मला काही दिसत नाही पोरी, पण कान शाबूत आहेत. काय केलंस ते न लपवता सांग."

तिने सगळे कबूल केले. आजोबा रागावले नाहीत.

"संगणकात कितीतरी कामं सारखी चालू असतात," ते म्हणाले. "ती कुणाच्या नावावर चालवायची? फॉगर तुझ्या बाबाच्या नावावर चालवला, तर बाबाचे फोटो, कागदपत्रं, सगळं त्या कामापुढं उघडं. म्हणून प्रणाली (संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली) कामासाठी वेगळं सेवाखातं (माणसासाठी नव्हे, कामासाठी उघडलेलं खातं) तयार करते. त्याला लागेल तेवढीच परवानगी. फॉगरच्या खात्याला फॉगर चालवता येतो, तुझी वही उघडता येत नाही. उद्या त्यात बिघाड झाला, तरी तो तिथल्या तिथं राहतो."

"म्हणजे मी घरच्याच माणसाला हाकललं?"

"माणसाला नाही, पण घरच्याला खरं."

"मग मी पुन्हा तेच नाव दिलं की! तरी का चालंना?"

"संगणक नाव बघत नाही. प्रत्येक खात्याला जन्मताच ओळखक्रमांक (दुसऱ्या कुणालाही न मिळणारा लांबलचक आकडा) मिळतो. परवानग्या त्या आकड्याला दिलेल्या असतात. उद्या तुझ्या वर्गात दुसरी कृत्तिका आली, तर बाई तिला तुझे मार्क देतील का?"

कृत्तिकाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवे खाते नावाचेच होते.

फॉगरसोबत आलेला पेनड्राइव्ह बाबांच्या कपाटात सापडला. बाबांनी फोनवरूनच परवानगी दिली. कृत्तिकाने त्यातली फॉगरची आज्ञावली नव्याने बसवली आणि त्या आज्ञावलीने आपले सेवाखाते आपणच उघडले. शेडमध्ये फॉगर फुसफुसला.

"अठ्ठावीस," तुतोबा ओरडला. "सत्तावीस!"

कृत्तिकाला एवढे हायसे वाटले की तिने त्या पत्र्याच्या गड्याला मिठीच मारली. पण ती परत संगणकासमोर येऊन बसली.

"आजोबा, उरलेली तीन मी तपासणारच."

"तपास, पण पुसू नको. खातं कधी उघडलं, त्याचं काम काय आणि पासवर्ड टाकून कुणाला त्यातून आत शिरता येतं का, एवढं बघ."

प्रणाली_११ छपाईचे निघाले, प्रणाली_२२ संगणक अद्ययावत ठेवण्याचे. दोन्ही खाती संगणक घरी आला त्या दिवशीची होती, आणि दोन्हींतून कुणालाच आत शिरता येत नव्हते. सहायक_२ मात्र गेल्या मंगळवारी दुपारी उघडलेले होते. त्याला पासवर्ड होता आणि बाबांइतक्याच सगळ्या परवानग्या होत्या. काम काहीच नाही.

कृत्तिकाने हे सगळे फोनवर वाचून दाखवले. मग बाबांचा आवाज आला, "मंगळवारी फॉगर दुरुस्तीवाला आला होता गं. त्याला चुन्यात पाय बुडवायला लावून शेडमध्ये नेलं, आणि संगणकापुढं मात्र चहा देऊन एकटाच बसवला!"

"त्यानं विसरून ठेवलं असेल, नाहीतर मुद्दाम," आजोबा म्हणाले. "आपल्याला ठाऊक नाही. म्हणून निष्क्रिय कर (खाते तसेच राहते, पण त्याचे दार बंद होते). मग त्याला विचारू."

कृत्तिकाने दार बंद केले. सगळे पासवर्ड बदलले. शेडमध्ये आता पंचवीस अंश होते आणि हजारो अळ्या कुरुमकुरुम पाला फस्त करीत होत्या.

"बाबा, तो दुरुस्तीवाला गावात आणखी कुठं गेला होता?"

"सगळीकडंच गेला असेल. आपली सोडून अकरा शेड आहेत."

कृत्तिकाने वहीचे कोरे पान काढले आणि एकाखाली एक अकरा नावे लिहिली. मग उन्हासाठी डोक्याला रुमाल बांधला, तुतोबाला अळ्यांपाशी थांबायला सांगितले आणि पहिल्या शेडकडे निघाली.