साठ दिवसांची आणीबाणी

मंगळावरच्या कालमापन प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी टिपणीस दोन घड्याळं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. एक प्रयोगशाळेचं, दुसऱ्यावर राष्ट्राध्यक्षांच्या यानातली वेळ. आणीबाणी पुकारून राष्ट्राध्यक्ष ‘सीमेच्या पाहणीला’ उडाले, त्याला पहिल्या घड्याळाप्रमाणे एकशेवीस दिवस झाले होते. दुसऱ्याप्रमाणे दोन.

समोर प्रतिनिधीसभेचे सभापती हिंमतराव बागल चहा पीत होते. यान प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलं की त्यातला काळ मंदावतो, हे बाईंनी त्यांना सांगितलं. सूर्यमालेला फेऱ्या घालणाऱ्या त्या यानात एक दिवस सरतो, तेव्हा इथे साठ सरतात. घटनेप्रमाणे आणीबाणी साठ दिवसांत आपोआप संपते. या हिशेबाने ती दहा वर्षं चालणार होती.

“घटनेत स्पष्टच लिहिलंय,” सभापती म्हणाले, “पुकारणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे.”

“ते वाक्य माझंच आहे, साहेब.”

घटना लिहिताना दिवस पृथ्वीचा धरायचा की मंगळाचा, यावरून समितीत तीन दिवस हमरीतुमरी चालली होती. जेवणं खोळंबली तेव्हा तरुण शर्वरीबाईंनीच ही तोड काढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मंडळी पानावर बसली. त्या समितीत काळाचं शास्त्र जाणणारी एकच व्यक्ती होती, आणि नेमकी तीच चुकली. बाईंना स्वतःची लाज वाटत होती.

त्यात भाऊ तुरुंगात. श्रीरंग एकसष्ट वर्षांचा शाळामास्तर. राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यालाच जास्त पाणी का, एवढं त्याने चारचौघांत विचारलं होतं. शिक्षा काय, तर आणीबाणी संपेपर्यंत कोठडी. त्याचं हृदय दहा वर्षं काढणार नाही, असं तुरुंगाच्या डॉक्टरांनीच बाईंना सांगितलं होतं.

उपाय सोपा होता. ‘दिवस सभेच्या घड्याळाप्रमाणे मोजावेत’ असा ठराव साध्या बहुमताने झाला, की आणीबाणी त्याच क्षणी संपत होती. राष्ट्राध्यक्षांच्या सहीचीही गरज नव्हती. सभापतींनी मसुदा दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि उद्याच सभा बोलावतो म्हणाले. बाई तशाच तुरुंगात गेल्या आणि श्रीरंगला सामान बांधून ठेवायला सांगून आल्या.

दुसऱ्या दिवशी सभेला झाडून सगळे प्रतिनिधी हजर. एरवी अर्धी बाकं रिकामी असायची. तासाभरात ठराव एकमताने मंजूर झाला आणि त्याची प्रत घेऊन सभापती स्वतः प्रयोगशाळेत आले. बाईंनी ती वाचली. राष्ट्राध्यक्षांनी प्रकृतीला जपून यानाचा वेग आणखी वाढवावा, अशी सभेने त्यांना नम्र विनंती केली होती.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. सभापतींनी आडपडदा ठेवला नाही. आणीबाणीत निवडणुका होत नाहीत आणि ती असेपर्यंत सभेची मुदत वाढते, हेही घटनेतच होतं. सभेची मुदत पुढच्या महिन्यात संपणार होती, आणि लोकांपुढे जायला कुणालाच तोंड नव्हतं.

“दहाची वीस वर्षं व्हायला वेग किती लागेल, तेवढं काढून द्या,” ते म्हणाले.

बाईंनी प्रत खाली ठेवली. “आणि माझा भाऊ?”

सभापती उठले. दाराशी थांबून त्यांनी दुसऱ्या घड्याळाकडे पाहिलं.

“त्यांना धीर द्या, बाई. घटनेप्रमाणे अठ्ठावन्नच दिवस उरलेत.”