लायसन्स नसलेला ड्रायव्हर

दुपारचे चार वाजून गेले होते आणि संचिता परुळेकरचं हसू केव्हाच संपलं होतं. ठाण्यातल्या त्या हॉलमध्ये माजी सैनिकांसाठी रोजगार मेळावा भरला होता. तिच्या प्लेसमेंट कंपनीचं टेबल नेमकं दाराशी, पंख्यापासून लांब. सकाळपासून शंभरेक सीव्ही तिच्या हाताखालून गेले असतील. नाव, वय, शिक्षण... पुढचा. सात वर्षं हेच करून तिला आता माणूस आणि कागद यांत फरकच वाटेनासा झाला होता. सँडलमध्ये पाय सुजले होते, आणि कोलशेतला घरी गेल्यावर आईशी बोलावं लागेल याचाही तिला आत्तापासूनच कंटाळा आला होता.

"या पुढे."

पुढे आला तो पस्तीस-छत्तिशीचा, रापलेल्या चेहऱ्याचा माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात चार पानांचा सीव्ही. सुदेश कणसे, राहणार कल्याण पूर्व. हवालदार, सतरा वर्षं नोकरी. ट्रेड – ड्रायव्हर.

"हेवीचं लायसन्स आहे?" तिने मान वर न करताच विचारलं.

"नाही."

"मग लाइट?"

"तेही नाही, मॅडम."

आता मात्र तिने मान वर केली. "सतरा वर्षं ड्रायव्हर... आणि लायसन्स नाही?"

"खेचरांना लागत नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "गाडी जात नाही तिथे फौज खेचरांवर सामान चढवते. त्यांच्याबरोबर चालणाऱ्यालाही कागदावर ड्रायव्हरच म्हणतात."

संचिता हसली. हसली म्हणजे, तिला आवरेचना. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून बघते तर समोरची खुर्ची रिकामी! आपला सीव्ही उचलून तो दाराकडे निघालाही होता.

रांग तशीच सोडून ती धावली. पायऱ्यांवर तिने त्याला गाठलं.

"ओ कणसे! अहो, सॉरी... मी तुम्हाला नाही हसले."

"हसलात तर हसलात." तो थांबला. आवाजात राग नव्हता. "बारा टेबलं फिरलो, मॅडम. अकरा जणांनी लायसन्स विचारलं आणि सिक्युरिटी गार्डचा फॉर्म पुढे सरकवला. पुढचं ऐकायला कुणी थांबलंच नाही. तुम्ही निदान विचारलंत तरी."

"मग निघालात कशाला?"

"दमलो," तो म्हणाला.

एवढंच. पण ज्या तऱ्हेने तो ते म्हणाला, ती संचिताच्या ओळखीची होती. ही भाषा तिला येत होती.

"शनिवारी दुपारी तलावपाळीला या," ती एकदम बोलून गेली. "हा सीव्ही घेऊन. आपण तो नीट करू."

"का?"

"कारण... फार म्हणजे फारच वाईट आहे तो."

आता तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्यांचं जाळं पडत होतं. वर्षानुवर्षं बर्फाकडे डोळे किलकिले करून पाहिल्याचं.

शनिवारी ती पोचली तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. तळ्याकाठच्या छोट्या हॉटेलात तिने लॅपटॉप उघडला आणि लाल पेनाने त्याच्या चार पानांची कत्तल सुरू केली.

"वडिलांचं नाव, काढा. जात, काढा. ही सगळी आद्याक्षरं कुणाला कळणार? साध्या शब्दांत लिहा. आणि हे काय... छाती? न फुगवता एवढी, फुगवून एवढी?"

"भरतीच्या वेळी विचारतात."

"गोडाऊनवाल्यांना तुमची छाती नकोय हो!"

"बरं. ज्यांना हवी असेल त्यांना वेगळा कागद देऊ," तो चहात बघत म्हणाला, आणि बोलल्यावर स्वतःच कानापर्यंत लाल झाला. संचिताने घाईघाईने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. बऱ्याच वर्षांत तिला असं डोकं घालावं लागलं नव्हतं.

मग तिने त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती खेचरं? अठरा. किती माणसं हाताखाली? नऊ. काय न्यायचात? रेशन, रॉकेल, औषधं, दारूगोळा, टपालसुद्धा. कोणतं सामान आधी, कोणतं मागाहून, कुणाच्या पाठीवर किती, हे कोण ठरवायचं?

"आम्ही ठरवायचो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे... आम्ही."

"सुदेश, कंपनी एका माणसाला नोकरी देते, पलटणीला नाही. 'मी' म्हणा. मी ठरवलं, मी पोचवलं."

त्याने प्रयत्न केला. खरंच केला. पण वाक्य तोंडातून निघेपर्यंत 'मी'चं पुन्हा 'आम्ही' व्हायचं. दोन शनिवार असेच गेले. कधी ती थकून गप्प बसायची, कधी तो. पण त्या गप्प बसण्याचं ओझं होत नव्हतं. तळ्यावरून वारा यायचा, बोटीतली पोरं ओरडायची, चहा गार व्हायचा. संचिताच्या लक्षात आलं, की आपण हल्ली शनिवारी केसांना क्लचर न लावता वेणी घालतो.

"घरी काय म्हणतायत?" तिने एकदा विचारलं.

"रघुदादाने एका सोसायटीच्या गेटवर माझं नाव सांगून ठेवलंय. म्हणतो, एवढं काय मनाला लावून घेतोस? वहिनी काही बोलत नाही, ताट वाढते... पण मला कळतं. फौजेतून येऊन सहा महिने झाले. गेटवर उभं राहणं वाईट नाही हो. पण सतरा वर्षं मी चाललोय. मला उभं राहता येत नाही."

तिसऱ्या शनिवारी सीव्ही एका पानावर आला. 'दुर्गम भागातील मालवाहतुकीचं नियोजन, पाच हिवाळे, एकाही चौकीचं सामान चुकलं नाही.' संचिताला स्वतःचाच अभिमान वाटला. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने सावकाश वाचलं.

"एक राहिलं," तो म्हणाला. "पाचव्या हिवाळ्यात एक जनावर गेलं."

"अहो, ते कोण लिहितं?"

"सत्तेचाळीस नंबर. खुरावर नंबर असतो त्यांच्या. मोठी शहाणी होती. वरच्या चौकीत रॉकेल संपलं होतं. बर्फ नरम झाला होता. सगळे म्हणाले, उद्या निघू. मी म्हटलं, आज. मी ठरवलं. मी तिला पुढे घातलं. वाट खचली... मी दोर धरून होतो. मग सोडला."

तीन आठवडे ज्या शब्दासाठी ती त्याच्या मागे लागली होती, तो आता त्याच्या तोंडातून थांबता थांबत नव्हता. संचिताची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"लोक अशी ओळ बघतात आणि कागद बाजूला ठेवतात, सुदेश. मीच ठेवते. रोज."

"मग ठेवू दे. ती ओळ नसेल तर तो माझा कागद नाही."

ती चिडली. तीन शनिवार पाण्यात, असंही म्हणून गेली. तिनेच मग लॅपटॉप मिटला आणि तळ्याकडे बघत राहिली.

"आई माझी स्थळं बघतेय," ती हळूच म्हणाली. "माझ्या बायोडाट्यात लिहिते... निर्दोष घटस्फोटित. जसा काही माझ्यावर खुनाचा खटला होता आणि मी सुटले!"

तो हसला नाही. "आणि खरं काय?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. वकिलानेही नाही.

"खरं... तो वाईट नव्हता. मी ऑफिसातून यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. तो बोलायला यायचा, मी 'उद्या' म्हणायचे. दोन वर्षं उद्या, उद्या. मग तो गेला. थोडा दोष माझाही होता, सुदेश."

"हं," तो म्हणाला. समजूत घातली नाही, सल्ला दिला नाही. फक्त तिचा गार झालेला कप बाजूला केला आणि गरम चहा मागवला. संचिताने लॅपटॉप उघडला आणि ती ओळ टाइप केली. 'या काळात माझ्या निर्णयामुळे एक जनावर गमावलं.'

सोमवारी ती सीव्ही घेऊन थेट आपल्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब म्हणाले, खेचरं? सात वर्षांत प्रथमच ती साहेबांशी अर्धा तास भांडली. शेवटी शीळफाट्याजवळच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये इंटरव्ह्यू ठरला.

त्या दिवशी तिने हाफ डे टाकला. 'या बाजूला काम होतं' असं त्याला सांगायचं तिने ठरवून ठेवलं होतं. परतीचा पाऊस लागला होता, फाट्यावर कंटेनरची रांग हलत नव्हती. बसस्टॉपच्या पत्र्याखाली उभी राहून ती गोडाऊनच्या गेटकडे बघत होती आणि तिला एकीकडे वाटत होतं, होऊ दे याचं काम. आणि दुसरीकडे... झालं की शनिवार संपले.

दीड तासाने तो भिजत आला. तिला बघून जागीच थांबला.

"इकडे कशा?"

"या बाजूला..." ती म्हणाली, आणि पुढचं विसरली. "काय झालं ते सांगा ना!"

"ती ओळ त्यांनी वाचलीच नाही," तो म्हणाला. "मीच सांगितली. मॅनेजरनी कागद पुन्हा उचलून ती शोधली. मग विचारलं, या फाट्यावर बावीस ट्रक अडकले, तर आधी काय कराल? मी म्हटलं, आधी बघेन, कुठला ड्रायव्हर सकाळपासून जेवला नाही. उपाशी जनावराचा पाय चुकतो, माणसाचाही चुकतो. एक तारखेपासून ये म्हणाले. शिफ्ट सुपरवायझर. सहा महिने प्रोबेशन. कॉम्प्युटर शिकावा लागेल."

"शिकाल."

"हो."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. दोघंही एकमेकांकडे न बघता कंटेनरकडे बघत होते.

"म्हणजे झालं काम," ती म्हणाली.

"हो. झालं." मग कंटेनरवरची नजर तिच्याकडे वळवत, "संचिता, कामाशिवाय कुणाला कसं भेटायचं ते मला येत नाही. पण मला तुम्हाला भेटायचंय. पुढच्या शनिवारी. आणि त्याच्या पुढच्या... मला तुम्ही फार आवडता. हे नीट कपडे घालून सांगणार होतो."

"याहून नीट कपडे आहेत तुमच्याकडे?" ती हसली, मग पुन्हा कंटेनरकडे वळली. "सुदेश, मी दमलेली असते. नेहमी. कितीतरी संध्याकाळी मला एक शब्दही नको असतो. तुम्हीही कंटाळाल."

"मग नका बोलू. मी बसेन शेजारी." त्याने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "मीही काही फार ताजातवाना नाही."

पत्र्याच्या फटीतून पाणी गळत होतं. तिने छत्री उघडून त्याच्याही डोक्यावर धरली आणि मग तशीच, त्याच्या बाहीला धरून उभी राहिली.

ठाण्याची बस आली. ती चढली, खिडकीशी बसली. तो मागोमाग चढून तिच्या शेजारी बसला. कंडक्टर आला.

"दोन ठाणे," सुदेश म्हणाला.

"अहो, कल्याण उलट्या बाजूला आहे."

"माहीत आहे."

बस मुंब्रा बायपासच्या चढावर अडकून पडली. पुढे लांबच लांब लाल दिव्यांची रांग, काचेवर ओघळणारं पाणी. संचिताला त्याला पुष्कळ काही सांगायचं होतं, पण तिचे डोळे मिटत होते. तिने डोकं त्याच्या ओल्या खांद्यावर टेकवलं. तो हलला नाही, काही बोललाही नाही. बस सुरू झाली तेव्हा ती गाढ झोपली होती.