कोपऱ्यातल्या बाई

पूर्वी चुरी सतरा वर्षं मुंबईच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होती. एका सोमवारी तिच्यासकट अकरा जणांना घरी पाठवलं आणि त्यांचं काम संगणकाकडे दिलं. त्याच आठवड्यात पहिल्या पानावर 'निधन'च्या जागी 'निर्धन' छापून आलं. पूर्वीने तो अंक टराटरा फाडला आणि वसईच्या घरी आईसमोर म्हणाली, "आता मी कुणाच्या हाताखाली काम करणार नाही."

राग तिला लहानपणापासूनच फार. पण त्या रागातून तिने एक चांगली गोष्ट उभी केली. वसई गावात, पारनाक्यावरून किल्ल्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत मिक्सर दुरुस्तीचं दुकान बरीच वर्षं बंद पडलं होतं. कौलारू छप्पर, पुढे ओटा, मागे एक लहानशी खोली आणि मोरी. ती जागा तिने भाड्याने घेतली. फरशीवरचे ग्रीसचे डाग स्वतः गुडघ्यांवर बसून घासले. तीन भिंतींना सागाच्या फळ्या ठोकून घेतल्या, पाच टेबलं मांडली, कॉफीचं यंत्र आणलं आणि दारावर पाटी लावली: 'ओटा – पुस्तकं आणि कॉफी'.

मागच्या खोलीत रोझीमावशी केक भाजायची. जवळच्या पाचूबंदरची, बासष्ट वर्षांची विधवा. पुतण्याच्या घराच्या मागच्या पडवीत राहायची. तिच्या हातचा सुकवलेल्या केळ्यांचा, सुकेळीचा केक खाल्ला की माणूस दुसऱ्या दिवशी परत यायचाच. सकाळी नऊला ती स्वतःची भट्टी चेतवायची, दुपारी घरोघरी केक पोचवून आली की कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून केळी सोलायची. बोलायची थोडं. पूर्वीला 'बाय' म्हणायची.

पहिले तीन आठवडे छान गेले. शाळेच्या शिक्षिका यायच्या, किल्ला बघायला आलेली जोडपी यायची, आणि हरिभाऊ रोज यायचे. हरिभाऊ म्हणजे गल्लीच्या टोकाच्या वाडीचे मालक, पंचाहत्तरीचे, गावात मान असलेले. एक फिल्टर कॉफी घेऊन ते दीड तास वाचत बसायचे.

एका बुधवारी ते काउंटरपाशी आले आणि हळूच म्हणाले, "पूर्वी, त्या बाईंना जरा मनात वाचायला सांग ना. लक्ष लागत नाही."

"कुठल्या बाई, काका?"

त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. खिडकीखालचं टेबल रिकामं होतं. केळ्यांची सालं ठेवलेली एक परात होती, बस.

पूर्वी हसली. हरिभाऊ हसले नाहीत. त्यांनी काही क्षण कान देऊन ऐकलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. अर्धी कॉफी तशीच टाकून ते निघाले. ओट्याच्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

शुक्रवारी जेसिका आली, शाळेत गणित शिकवणारी, शांत, नेमकं बोलणारी मुलगी. पुस्तक चाळता चाळता तिने मान वर केली आणि तशीच राहिली. पूर्वी कप घेऊन गेली तेव्हा ती पुटपुटली, "ह्यांना हे कुणी सांगितलं?"

"कुणाला?"

"त्या बाईंना. चष्म्याला दोरी आहे त्या. निळ्या काठाची साडी." जेसिकाने हातातलं पुस्तक मिटलं. "पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, पण ते पुस्तक नाहीये. त्यात माझं नाव कसं असेल?"

पूर्वीने पुन्हा पाहिलं. टेबल, दोन खुर्च्या, खिडकीतून पडलेलं ऊन.

रविवारी बोरिवलीहून एक नवरा-बायको आले. वसईत त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. दहा मिनिटांत बायको ताडकन उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "माझ्या बहिणीबद्दल तू हिला सांगितलंस? ह्या परक्या बाईला?" नवराही कोपऱ्याकडेच बघत होता.

ते गेल्यावर पूर्वी बराच वेळ काउंटरला टेकून उभी राहिली. तिच्या डोक्यात भूतबित काही आलं नाही. आला तो प्रितेश. प्रितेश गावात इमारतींसाठी जागा मिळवून द्यायचं काम करायचा आणि त्याला हीच खोली कार्यालयासाठी हवी होती. त्यानेच गावाला पढवलं असणार. सगळ्यांनी मिळून एक बाई रचली, साडीचा काठ ठरवला, चष्म्याची दोरीसुद्धा ठरवली. बोरिवलीचं जोडपंही त्याचंच असणार. किती सोपं! एका बाईने स्वतःचं काही सुरू केलं की तिला पळवून लावायला एवढं पुरतं.

सोमवारी ती स्वतः त्या खुर्चीवर जाऊन बसली. हातात पुस्तक घेतलं आणि येईल त्याच्याकडे रोखून बघत राहिली. खुर्चीची बैठक जरा कोमट लागली, पण खिडकीतून ऊन येत होतंच. डांबरगोळ्यांचा बारीकसा वास होता. जुन्या लाकडाला असतो.

पोस्टात काम करणारे एक गृहस्थ आत आले. त्यांनी पूर्वीकडे पाहिलं, मग तिच्या खांद्याच्या जरा बाजूला पाहिलं.

"बसा तुम्ही," ते कसंनुसं म्हणाले. "बाई सरकल्यात. तुम्हाला जागा दिली त्यांनी."

पूर्वीने पुस्तक टेबलावर आपटलं. "तुम्हीसुद्धा? तुम्हाला काय कबूल केलंय त्याने?" गृहस्थ उलट्या पावली बाहेर गेले.

त्या दुपारी तिने रोझीमावशीला विचारलं. "तू रोज तिथे बसतेस. काही दिसतं? ऐकू येतं?"

रोझीमावशीने हातातली सुरी थांबवली. "मना काय दिसत नाय, बाय. ऐकू पन येत नाय. थंडावा वाटतो तिथं, म्हनून बसते." मग म्हणाली, "लोकं मात्र घाबरतात खरी. खोटं घाबरनं असं नसते."

"म्हणजे मी खोटी?"

"तसं कोन बोललं?"

पूर्वीला तिचाही राग आला. सगळ्या गल्लीत आपल्या बाजूने एकच माणूस होतं, आणि तेही धडपणे बाजू घेत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. केक सुकून गेले. लोक दुकानासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायचे. भाजीवालीने पूर्वीला वांगी द्यायचं नाकारलं. "तुझ्याकडे सगळ्यांचं लिहून ठेवलंय म्हणे," ती म्हणाली. आई एका घरी हळदीकुंकू द्यायला गेली, तर तिच्या हातातला करंडा तसाच परत आला. पूर्वी रोज सकाळी कुलूप काढायची, रोज यंत्र तापवायची आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघून दात आवळायची.

गुरुवारी दुपारी चारला ते सगळे आले.

पुढे प्रितेश, मागे हरिभाऊ, जेसिका, पोस्टातले गृहस्थ, आणखी सात-आठ जण. खोली भरून गेली. कुणीही कोपऱ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांनी तिकडे पाठ केली होती.

"पूर्वीताई, बस झालं आता," प्रितेश म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, हे पूर्वीला तेव्हा जाणवलं नाही. "कोण आहे ती? कुठून आणून बसवलीस? आमच्या घरातलं बाहेर काढायला किती दिवस तयारी करत होतीस?"

"मी बसवली? रचलीत तुम्ही! माझं दुकान बुडवायला!"

"मी रचेन? माझंच?" प्रितेशने शेजारची फळी दोन्ही हातांनी ओढली. पुस्तकं धडाधड खाली आली. "मी काय केलं ते मी लोकांना सांगत फिरेन?"

"माझ्या भावाच्या अंगठ्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं," हरिभाऊ मध्येच म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"वाडीच्या कागदावरचा. भावाचा जीव गेल्यावर उठवला होता मी. खोलीत दुसरं कुणी नव्हतं." ते जमिनीकडे बघत होते. "दार लावलं होतं. त्या बाईंनी तर दाराच्या कडीचा आवाजही वाचला."

जेसिका रडायला लागली.

हे नाटक नव्हतं, हे पूर्वीला त्या क्षणी पुरतं कळलं. पण इतक्या दिवसांचा राग असा एका वाक्याने खाली बसत नाही. पायाशी तिची पुस्तकं पडली होती. एकाचा कणा मोडला होता.

"सगळ्यांना ऐकू येतं," प्रितेश म्हणाला. "फक्त तुम्हा दोघींना येत नाही. तुला आणि तिला."

तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. मागच्या खोलीच्या दारात रोझीमावशी उभी होती, फडक्याला हात पुसत. ती घाबरलेली नव्हती. तिच्या तोंडावर नुसती कीव होती, आणि ती कीव पूर्वीला सहन झाली नाही.

"मला काय विचारता?" पूर्वी ओरडली. "हिला विचारा! घरोघरी केक पोचवते, सगळ्यांची अंडीपिल्ली हिला माहीत. हीच सांगते!"

बोलताना तिला माहीत होतं की हे खोटं आहे.

रोझीमावशीने तिच्याकडे पाहिलं. मग एप्रनची गाठ सोडली, त्याची नीट घडी घातली, खुंटीवर ठेवली आणि माणसांमधून वाट काढत बाहेर पडली. ती माणसं तिच्या मागोमाग गेली.

पूर्वी गेली नाही. तिने पुस्तकं उचलली.

पुढचं तिला आईकडून कळलं. पाचूबंदरला पुतण्याच्या दारात लोक जमले. पुतण्याने आधी वाद घातला, मग आपल्या मुलांकडे पाहिलं आणि पडवीतली पेटी, गादी, भांडी रस्त्यावर आणून ठेवली. पडवीत ठेवलेली तिची केकची दुसरी भट्टी कुणीतरी दगडाने चेपली. रोझीमावशी पेटीवर थोडा वेळ बसून राहिली आणि मग अर्नाळ्याच्या बसमध्ये चढली. पण अर्नाळ्याच्या तिच्या बहिणीकडे ती पोचलीच नाही.

"तू जाऊन सांगायचंस," आई म्हणाली. "एक शब्द सांगायचा होतास."

"त्यांनी ऐकलं असतं?"

त्या दिवसापासून आई पूर्वीशी कामापुरतंच बोलायला लागली.

आणि दुकान मात्र सुरळीत चालू झालं. दुसऱ्या दिवशी कुणाला काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी जेसिका आली. चौथ्या दिवशी हरिभाऊ आले आणि आपल्या जागी बसून निवांत वाचू लागले. भाजीवालीने वांगी दिली. प्रितेशने फळी दुरुस्त करायला सुतार पाठवला. रोझीमावशीचं नाव कुणी काढेना. केक आता नालासोपाऱ्याच्या एका बेकरीतून यायचा आणि लोक तोही खायचे.

पूर्वीला त्यांचा संताप यायचा. किती पटकन मोकळे झाले! ती कप जरा जोरातच ठेवायची.

आठव्या दिवशी, सकाळी अकराला, दुकान भरलेलं होतं. छान ऊन पडलं होतं. रस्त्यावर रिक्षावाले हसत होते. पूर्वी यंत्राची नळी पुसत होती.

कुणीतरी घसा साफ केला.

तिने मान वर केली. खिडकीखालच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. निळा काठ. चष्म्याला दोरी. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी नुकतंच उघडलं होतं.

"पूर्वी चुरी म्हणाली," बाई वाचू लागल्या, सावकाश, स्पष्ट उच्चारांत, "मला काय विचारता? हिला विचारा!"

एकही चूक नव्हती. प्रश्नचिन्हसुद्धा जागच्या जागी घेतलं होतं.

हातातलं फडकं ओलं होऊन टपकत होतं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी साखर मागितली. कप वाजत होते. बाई वाचता वाचता अर्नाळ्याच्या बसपर्यंत आल्या होत्या.

"काका," पूर्वी काउंटरवरून वाकली. "काका, तुम्हाला ऐकू येतंय?"

हरिभाऊंनी पुस्तकातून डोकं काढलं. कोपऱ्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग आपला कप आणि खुर्ची हळूच भिंतीकडे वळवून घेतली.

"नाही बाळ," ते म्हणाले. "मला आता काही ऐकू येत नाही."

बाईंनी बोट जिभेला लावून पान उलटलं. त्यांच्या डाव्या हाताखाली एवढं एकच पान होतं. उजव्या हाताखाली चार बोटं जाडीची पानं अजून वाचायची होती.