तीन सेकंदांचा फरक

काम तसं किरकोळ होतं. जुन्या सर्व्हरवर जी माहिती एका सेकंदात निघायची, तिला नव्यावर चार सेकंद लागत. डेटाबेस तोच, प्रोसेसर तेवढा वेगळ्या जातीचा. असं का, एवढंच शोधायचं होतं. भर दुपारी मी सर्व्हर रूममध्ये शिरलो. एसीची घरघर, तापलेल्या प्लास्टिकचा वास, आणि खिडकी नाहीच.

खरं तर वर्षापूर्वीच मी अहवालात ठोकून दिलं होतं, की मशीन उत्तम आहे, मास्तरांनी लिहिलेल्या क्वेरी, म्हणजे माहिती काढायच्या आज्ञा, जुनाट आहेत. मास्तर म्हणजे आमचा डेटाबेस सांभाळणारे. मला बोट धरून हे काम शिकवलं ते त्यांनीच. ते एवढंच म्हणाले, "अरे, दोन्हींची सेटिंग सारखी कर, मग मोज." मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. त्या अहवालापायी बावीस वर्षांची नोकरी गेली त्यांची. चार महिन्यांत तेही गेले.

घरी भेटायला गेलो तेव्हा काकू, मास्तरांच्या पत्नी, म्हणाल्या, "शेवटपर्यंत घोकत होते, त्याला एकदा परत मोजायला सांगा." तेही मी टाळलं. क्वेरी नव्यानं लिहूनही चार सेकंद हटेनात, तेव्हा साहेबांनी मला पुन्हा पिटाळलं.

नव्या मशीनची सेटिंग उघडली. वीज वाचवायचा पर्याय चालू होता, म्हणून प्रोसेसर रखडत होता. जुन्यावर तो बंद. नवं मशीन बसवलं होतं मीच. पर्याय बंद करून मोजलं… पाऊण सेकंद. मला रडू कोसळलं.

तेवढ्यात जुन्या मशीनचे पंखे जोरात फिरू लागले. मी हातही लावला नव्हता. पडद्यावर मोजणी सुरू झाली. एकदा जुन्यावर, एकदा नव्यावर, सावकाश, मास्तर करायचे तशी तीन-तीनदा. चालवणाऱ्याच्या जागी त्यांचं खातं दिसत होतं. ते मी स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

"मास्तर…?"

मोजणी थांबली.

मी धडपडत बाहेर आलो आणि काकूंना फोन लावला.

"काकू, मोजलं मी. त्यांचंच बरोबर होतं. चूक माझी होती… सगळी माझीच."

पलीकडे दार हलकेच लोटल्याचा आवाज आला.

"हळू बोल रे…" त्या कुजबुजल्या. "आत्ताच आलेत, डोळा लागलाय त्यांचा. कुठं गेले होते कुणास ठाऊक… हात नुसते बर्फासारखे गार पडलेत."